बिनवरचा चौकोन, पुस्तकातला चौकोन

काळेवाडी फाट्यावर पहाटे कंपन्यांच्या बस उभ्या असतात. डबा, पाण्याची बाटली आणि गळ्यात ओळखपत्र घेऊन माणसं चढतात, आणि नाशिक फाटा, भोसरी, मोशी करत बस चाकणला पोचेपर्यंत निम्मी माणसं झोपलेली असतात. तासाभराने त्याच रस्त्याने पोरं शाळेला निघतात, पाठीवर दप्तर घेऊन. या दोन गर्दींचा एकमेकींशी काही संबंध आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. तो एका शेजाऱ्यांनी दाखवून दिला, तेही सहज.

त्यांची मुलगी आठवीत आहे. बालभारतीचं सामान्य विज्ञानाचं पुस्तक उघडून ती ‘प्रकाशाचे परावर्तन’ हा पाठ वाचत बसली होती. पानावर एक छोटा काळा-पांढरा ठिपक्यांचा चौकोन होता. क्यूआर कोड. वडील चहाचा कप हातात घेऊन वाकले आणि म्हणाले, “हे तर आमच्या बिनवर असतंय की!”

ते मूळचे लातूरकडचे, चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात कामाला. भागांनी भरलेली प्लास्टिकची पेटी म्हणजे बिन. दर बिनवर एक छापील कार्ड, कार्डावर चौकोन, आणि दिवसभर हातातल्या स्कॅनरने त्याला टुक, टुक, टुक करत राहायचं. कुठला पार्ट, किती नग, कुठल्या लाईनला जायचा, सगळं त्यात. लेकीच्या पुस्तकात तोच चौकोन बघून त्यांना गंमत वाटली होती, आपल्या कारखान्यातला माणूस अचानक लेकीच्या शाळेत भेटावा तशी.

त्यांनी गमतीने म्हटलेलं वाक्य अक्षरशः खरं आहे. हा चौकोन जन्मला तो मोटारींच्या सुट्या भागांच्या बिनसाठीच.

गोष्ट जपानमधली आहे. टोयोटाला सुटे भाग पुरवणारी डेन्सो ही कंपनी. तिथले कामगार तेव्हा बारकोड वापरत, म्हणजे आपण किराणा दुकानात साबणाच्या वेष्टनावर बघतो त्या उभ्या रेघा. त्या रेघांचा उगमही मजेदार आहे. नॉर्मन वुडलंड नावाच्या अमेरिकी माणसाने १९४९ मध्ये मायामीच्या समुद्रकिनाऱ्यावर वाळूत बोटांनी मोर्सच्या तारखात्यातले ठिपके-रेघा काढल्या, बोटं खाली ओढली आणि ठिपक्यांच्या बारीक-जाड रेघा झाल्या. पण अशा बारकोडमध्ये माहिती मावते ती जेमतेम वीस अक्षरांची. डेन्सोत एकेका पेटीवर अनेक बारकोड चिकटवावे लागत आणि एकेका कामगाराला दिवसाला हजारभर वेळा स्कॅनर चालवावा लागे. कामगार वैतागले. तक्रार गेली मासाहिरो हारा या इंजिनियरकडे.

हारांच्या हाताशी एक सहकारी होता. हारांना जेवणाच्या सुटीत ‘गो’ हा पटावरचा खेळ खेळायची सवय. उभ्या-आडव्या रेघांच्या पटावर काळ्या-पांढऱ्या सोंगट्या मांडायच्या. पट बघता बघता त्यांच्या लक्षात आलं की बारकोड फक्त एकाच दिशेने लिहितो, डावीकडून उजवीकडे. रेघांची उंची नुसती वाया जाते. पटासारखं दोन्ही दिशांनी लिहिलं तर? १९९४ मध्ये हा चौकोन बाहेर आला. नाव ठेवलं क्विक रिस्पॉन्स, म्हणजे झटपट उत्तर. सगळ्यात लहान चौकोनात एका बाजूला २१ घरं असतात, सगळ्यात मोठ्यात १७७, आणि त्या मोठ्यात सात हजारांवर आकडे मावतात. डेन्सोकडे पेटंट होतं, पण कंपनीने ते कुणावर लादलं नाही, वापरा म्हणाली. म्हणून आज भाजीवाल्या मावशींच्या गाडीवर तो आहे आणि पुस्तकातही आहे.

आता जरा जवळून बघू. पुस्तक समोर असेल तर घ्याच.

चौकोनाच्या तीन कोपऱ्यांत तीन डोळे असतात. मध्ये भरीव काळा चौकोन, त्याभोवती पांढरी चौकट, तिच्याभोवती काळी चौकट. डोळ्याच्या मधोमध आडवी पट्टी ठेवा आणि घरं मोजा: एक काळं, एक पांढरं, तीन काळी, एक पांढरं, एक काळं. एकास एकास तीनास एकास एक. पट्टी तिरकी ठेवा, उभी ठेवा, मध्यातून जाऊ द्या म्हणजे झालं. प्रमाण तेच येतं. म्हणूनच फोन आडवा धरला काय, उलटा धरला काय, चौकोन सापडतो. हेच प्रमाण का? कारण हारांच्या गटाने जाहिरातीचे कागद, मासिकं, खोके, जे हाती लागेल ते छापील साहित्य तपासलं आणि काळ्या-पांढऱ्याचं कुठलं प्रमाण छपाईत सगळ्यात कमी येतं ते शोधून काढलं. गर्दीत चटकन ओळखू यावं म्हणून लग्नघरची माणसं एका रंगाचे फेटे बांधतात, तसलाच हा प्रकार. चौथ्या कोपऱ्यात मोठा डोळा नसतो, त्यावरून फोनला कळतं की वरची बाजू कुठली.

माझ्या मते सगळ्यात अचाट गोष्ट याच्या पुढची आहे. कारखान्यात बिनला तेलाचे हात लागतात. कार्डाचा कोपरा उडतो, ओरखडे पडतात. तरी स्कॅनर टुक करतो. कसा?

आम्ही प्रयोग केला. मुलीने आईच्या पाकिटातली टिकली काढून चौकोनाच्या मधोमध चिकटवली आणि फोन धरला. पाठ उघडला! मग एक मोठी टिकली एका डोळ्यावर लावली. आता फोन नुसता शोधत राहिला. डोळा झाकला की चौकोन आंधळा. मधली माहिती झाकली तर मात्र तो झाकलेलं स्वतः भरून काढतो.

यामागचं गणित दोन अमेरिकी गणितज्ञांचं आहे, आयर्विंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन, साल १९६०. त्याचा गाभा आपल्याला शाळेतच ठाऊक झालेला असतो. दोन बिंदूंतून एकच सरळ रेष जाते. समजा मला तुम्हाला दोनच आकडे कळवायचे आहेत. ते आकडे मी आलेख कागदावर दोन बिंदू म्हणून मांडतो आणि त्यांतून रेष ओढतो. मग त्याच रेषेवरचे आणखी दोन बिंदू घेतो आणि चारही बिंदू तुमच्याकडे धाडतो. वाटेत एक बिंदू बिघडला. तुम्ही पट्टी लावता: तीन बिंदू एका रेषेत, एक बाहेर. गुन्हेगार सापडला! तो पुसायचा, रेष पुन्हा ओढायची, आणि मूळचे दोन्ही आकडे जसेच्या तसे हाती. कोण बिघडला हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही, तरी ओळखता आलं. क्यूआर कोडमध्ये सरळ रेषेऐवजी वळणदार वक्र असतात आणि आकड्यांची दुनिया २५६ पुरती मर्यादित असते, घड्याळाच्या काट्यासारखी तिच्यातच फिरून येणारी. हे असं आकड्यांचं छोटं बंदिस्त जग ज्याच्या डोक्यातून आलं तो एव्हारिस्त गाल्वा हा फ्रेंच मुलगा १८३२ मध्ये द्वंद्वयुद्धात मेला, तेव्हा तो अवघा वीस वर्षांचा होता. चाकणच्या तेलकट बिनवर त्याचं गणित रोज राबतं. ओरखडे पडलेल्या सीडीवर गाणं न अडखळता वाजायचं तेही रीड-सॉलोमनच्याच जिवावर, आणि व्हॉयेजर यानांनी सूर्यमालेच्या पार टोकाकडून धाडलेले संदेश शाबूत पोचायलाही हेच गणित कामी आलं. चौकोन बनवताना हा राखीव साठा किती ठेवायचा हे ठरवता येतं. सगळ्यात भक्कम पातळी घेतली तर माहितीचा जवळपास ३० टक्के भाग खराब झाला तरी चालतं.

आणखी एक बारीक गोष्ट, मला फार आवडते म्हणून सांगतो. माहिती लिहून झाल्यावर कधीकधी काळी घरं एका बाजूला गोळा होतात, पांढरी दुसरीकडे. असा चौकोन वाचायला कॅमेऱ्याला त्रास होतो. म्हणून चौकोन बनवणारा प्रोग्रॅम त्यावर आठ ठरलेल्या नक्ष्या एकेक करून घालून बघतो, प्रत्येक वेळी काही घरांचा रंग उलटतो, आणि ज्या नक्षीने घरं सगळ्यात छान विखुरतात ती ठेवतो. कुठली नक्षी वापरली हेही चौकोनातच लिहून ठेवतो. साडी घेताना दुकानात आठ पदर खांद्यावर टाकून आरशात बघावं तसं. हे सगळं होतं डोळ्यांची पापणी लवायच्या आत.

तर बिनवरचा हा चौकोन पुस्तकात आला कसा? ती वाट महाराष्ट्रातूनच गेली आहे, आणि ती कुठल्या मोठ्या शहरातून निघालेली नाही.

सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात परितेवाडी आहे. रणजितसिंह डिसले तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत २००९ मध्ये रुजू झाले तेव्हा शाळेच्या मोडकळीला आलेल्या खोलीच्या एका बाजूला गुरांचा गोठा होता. बऱ्याच मुलींच्या घरची भाषा कन्नड, पुस्तक मराठी. डिसले कन्नड शिकले. मग पुस्तकातल्या कविता आवाजात, धडे व्हिडिओत, गोष्टी, स्वाध्याय असं तयार करून त्याचे क्यूआर कोड त्यांनी पुस्तकाला जोडले. छापील पान तेच; कोड धरला की पान बोलायला लागायचं. त्यांनी राज्याकडे प्रस्ताव दिला, आधी प्रायोगिक वापर झाला, आणि २०१७ मध्ये महाराष्ट्राने राज्यभरातल्या पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणायचं जाहीर केलं. पुढच्याच वर्षी एनसीईआरटीच्या पुस्तकांतही ते येणार असल्याची घोषणा झाली. ३ डिसेंबर २०२० रोजी डिसलेंना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळालं, दहा लाख डॉलरचं. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली. बातम्या पुरस्काराच्या आकड्यावर थांबल्या. मला त्यापेक्षा मोठी वाटते ती त्यांची पहिली कृती: तंत्र हातात घेण्याआधी पोरांची भाषा शिकायची.

दरम्यान ५ सप्टेंबर २०१७ ला, शिक्षकदिनी, केंद्र सरकारचं ‘दीक्षा’ हे व्यासपीठ सुरू झालं होतं. आता बालभारतीच्या पुस्तकातला चौकोन फोनला दीक्षाकडे नेतो. इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. पुष्कळ पालकांना वाटतं की व्हिडिओ त्या चौकोनात भरलेला आहे. नाही. एवढ्याशा ठिपक्यांत चार मिनिटांचं चित्र मावणार तरी कसं? चौकोनात असतो फक्त पत्ता. चौकोनाखाली सहा अक्षर-आकडे छापलेले दिसतात, तो त्या पत्त्याचा खरा जीव. कॅमेरा बिघडलेला असला तर ती सहा चिन्हं दीक्षात टाईप केली तरी त्याच दारात पोचता येतं. आणि पत्ता तोच ठेवून घरातलं सामान बदलता येतं! पुस्तक एकदा छापलं की छापलं. चूक राहिली तर पुढच्या आवृत्तीपर्यंत थांबा, हा शेकडो वर्षांचा नियम. आता छापलेलं पान दप्तरातच पडून असतं आणि त्याच्यामागचा धडा मात्र नवा होऊ शकतो.

बिनचा चौकोन आणि पुस्तकाचा चौकोन यांत नातं एवढंच असतं तर मी लिहायला बसलोच नसतो. शेजाऱ्यांच्या कारखान्यात ज्या कार्डावर तो छापतात त्याला ‘कानबान’ म्हणतात. शब्द जपानी, पण चाकणच्या लाईनवर आता तो स्पॅनर-पान्यासारखा रुळलाय. टोयोटाच्या ताइची ओनो यांना ही पद्धत अमेरिकेतल्या सुपरमार्केटवरून सुचली. तिथे गिऱ्हाईक फळीवरून हवं तेवढं उचलतं, आणि रिकामी झालेली जागा बघून दुकानदार माल भरतो. कारखान्यांची जुनी रीत उलटी होती: आधीच्या विभागाने बनवायचं आणि पुढच्याकडे ढकलत राहायचं, त्याला हवं असो की नसो. ओनोंनी म्हटलं, पुढच्याने मागायचं, मग मागच्याने द्यायचं. ढकलणं बंद, ओढून घेणं सुरू. कानबान म्हणजे ते मागणीचं कार्ड.

आता वर्ग डोळ्यांसमोर आणा. धडा अकरा चाळीसच्या तासाला शिकवला जातो. त्या वेळी तुम्ही जागे असा, झोपेत असा, तापाने घरी असा, आईबरोबर गावी गेलेले असा; धडा तुमच्या अंगावरून पुढे जातो. बाई पुन्हा शिकवतील, पण साठ पोरांसाठी किती वेळा? माझ्या वेळी तर “पुन्हा सांगा” म्हणायला हात वर करायचीच भीती वाटायची. शाळा ही धडे पुढे ढकलणारी लाईन होती. चौकोनाने पहिल्यांदा पोराच्या हाती मागणीचं कार्ड दिलं. मला हवं तेव्हा, हवं तेवढ्या वेळा, कुणाला न कळू देता.

त्या संध्याकाळी मी हे समोर बघत होतो. दोन आरसे कोनात ठेवले की किती प्रतिमा दिसतात, हा भाग त्या मुलीने तीनदा मागे नेला. तिसऱ्या वेळी व्हिडिओ थांबवला, आईचा पावडरीच्या डबीतला आरसा आणला, भिंतीवरचा छोटा आरसा उतरवला, आणि दोन्ही काटकोनात उभे करून मध्ये खोडरबर ठेवलं. तीन खोडरबरं दिसली. मग ती आरसे हळूहळू जवळ आणत गेली. चार, पाच, सहा. वडील चहा विसरून वाकून बघत होते. वर्गात हे तिला “समजलं” होतंच, असं ती म्हणाली. वहीत सूत्रही होतं. पण मोजून बघितलं ते आज.

म्हणून सगळं झकास आहे असं मात्र नाही. चौकोन स्वतः काही शिकवत नाही. त्याच्यामागे कंटाळवाणा व्हिडिओ असेल तर पोरगं दहाव्या सेकंदाला बाहेर पडतं, आणि फोनमध्ये बाहेर पडून जायला जागा भरपूर. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा आपण सगळ्यांनीच बघितलं की पडदा आला म्हणजे शाळा आली नाही. त्या जुलैत सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ मालिका सुरू झाली. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्याकडेही टीव्ही असतो, हा विचार त्यात होता आणि तो शहाणपणाचा होता. पण मागितल्याशिवाय येत नाही, या रीतीत एक काटा आहे. मागायची भूक कुणीतरी लावावी लागते. ती बाईच लावतात. वर्गात “घरी जाऊन आरसे जवळ आणून बघा, काय होतं ते उद्या मला सांगा” असं म्हणणारी बाई नसती, तर पावडरीच्या डबीतला आरसा बाहेर आला नसता. हे वाक्य बाईंचंच होतं, मुलीने मला नंतर सांगितलं.

दुसरा काटा अधिक साधा आहे. काळेवाडीत, विजयनगरला, तापकीरनगरला किंवा नढेनगरला दोन खोल्यांच्या घरांतून बहुतेकदा चालता स्मार्टफोन एकच असतो आणि तो कमावत्या माणसाच्या खिशात असतो. आमचे शेजारी सेकंड शिफ्टला असले की दुपारी निघतात, रात्री बारानंतर येतात. पोरगी शाळेतून येते तेव्हा फोन चाकणला. तिथे फोनचं काय होतं ठाऊक आहे? अनेक कारखान्यांत गेटवर कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात, आतले फोटो बाहेर जाऊ नयेत म्हणून. म्हणजे ज्या डोळ्याने लेकीच्या पुस्तकातला चौकोन वाचायचा, तो डोळा आठ तास बंद करून फोन कारखान्यात पडलेला असतो, आणि त्याच्या चहूबाजूंना हजारो चौकोन दुसरे स्कॅनर वाचत असतात. त्या आठवड्यात पोरीला हवा असलेला धडा रविवारपर्यंत थांबतो. तिने वहीच्या मागच्या पानावर सहा-सहा अक्षरांची यादी करून ठेवली आहे, पप्पा सुटीवर असले की एकदम उघडायला. म्हणजे तिचं स्वतःचं कानबान. फक्त माल यायला आठवडा लागतो.

यावर उपाय फार महाग नाही. नवा फोन घेतल्यावर जुना आपण कपाटात टाकतो. काच तडकलेली असते, बॅटरी दिवसभर पुरत नाही, पण कॅमेरा चालू असतो. सिम नसलं तरी हरकत नाही. कुणाच्या वाय-फायवर दीक्षा उतरवून घेता येतं आणि त्यातले धडे एकदा डाउनलोड केले की पुढे इंटरनेटशिवाय चालतात. असा फोन तुमच्याकडे असेल तर त्यातली आपली खाती आणि फोटो पुसा आणि सोसायटीत, गल्लीत, कामाला येणाऱ्या ताईंच्या घरात कुणी आठवी-नववीत आहे का ते विचारा. आमच्या कपाटातला गेल्या महिन्यात वरच्या मजल्यावर गेला. त्याच्या काचेवर उभा तडा आहे, पण चौकोन वाचतो.